निळी रेषा, लाल रेषा आणि आपलं घर

पावसाळ्यात गोदावरी वाढली की पंचवटीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?" पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, यावरून काठावरचे दुकानदार सामान कधी हलवायचं ते ठरवतात. नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी जाणं म्हणजे तर महापूर! या खुणा आजचं पाणी सांगतात. पुढच्या वीस-तीस वर्षांत पाणी कुठवर येऊ शकतं, हे सांगणारी खूण मात्र नकाशावर असते. तिला पूररेषा म्हणतात.

सप्टेंबर १९६९ चा पूर जुनी मंडळी अजून सांगतात. १९ सप्टेंबर २००८ च्या पुरानंतर नाशिकमध्ये गोदावरीच्या पूररेषा आखल्या गेल्या. या रेषा दोन. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मैदान, शेती चालते, नवीन घर नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित. तिथे बांधकाम अटींवर होतं. मुख्य अट अशी, की जोतं लाल रेषेच्या पातळीहून उंच हवं.

आता इथे एक गैरसमज होतो. "२००८ मध्ये पूर येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत!" तसं नसतं, बरं का. २५ वर्षांतून एकदा याचा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता. काल पूर आला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आठच वर्षांनी गोदाकाठ पुन्हा बुडाला, हे आपण पाहिलंच. गृहकर्ज वीस वर्षांचं असेल, तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या घरात एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात ५६ इतकी होते. लाल रेषेवर ती शंभरात १८.

"पण वर गंगापूर धरण आहे ना?" आहे, आणि ते पूर काही प्रमाणात रोखून धरतं. पण ते मुख्यतः पाणी साठवण्यासाठी बांधलेलं. भरत आलं की दरवाजे उघडावेच लागतात. आपण बातम्यांत 'दहा हजार क्युसेक' ऐकतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेकला गच्चीवरच्या हजार लिटरच्या २८० टाक्या दर सेकंदाला नदीत रिकाम्या होतात. शिवाय धरणाच्या खाली, शहरावर पडणाऱ्या पावसाला दरवाजेच नाहीत. मोकळ्या जमिनीत मुरणारं पाणी काँक्रीटवरून थेट नाल्यात धावतं. वाघाडीसारखी उपनदी गोदावरीला मिळू पाहते, तेव्हा गोदावरीच तुडुंब असेल तर तिचं पाणी मागे फुगतं आणि नदीपासून लांबच्या वस्तीतही शिरतं.

म्हणूनच पुराचं उत्तर फक्त धरणावर मिळत नाही, ते जमिनीच्या वापरात आहे. कुठे घरं, कुठे मैदान, कुठला नाला उघडा ठेवायचा, हे शहराच्या विकास आराखड्यात ठरतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे हा आराखडा होतो. तो साधारण वीस वर्षांसाठी असतो. आज नाल्याकाठची मोकळी जागा बांधकामाला दिली, तर त्याचं पाणी आपल्या लेकी-सुनांच्या स्वयंपाकघरात येणार. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. त्या वेळी बचत गटाने, सोसायटीने लेखी सूचना द्यावी आणि पोच घ्यावी.

घर घेताना काय कराल? महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा. त्यावर पूररेषा कुठून जाते ते विचारा. बिल्डर "काही होत नाही" म्हणाला तरी मंजूर नकाशा पाहा. आणि गल्लीतल्या जुन्या आजींना विचारा, २००८ ला पाणी कुठवर होतं? त्यांनी भिंतीवर जिथे बोट ठेवलं, ती उंची लक्षात ठेवा. दागिने मोडून भरलेली रक्कम त्याच भिंतीत जाणार असते.