नितळ सरोवरावरची वल्ही आणि फ्लाय : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले शोशोनी सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३७० मीटर उंचीवर आहे. क्षेत्रफळ साधारण ३३ चौरस किलोमीटर, खोली काही ठिकाणी ६० मीटरांहून जास्त. काठापर्यंत रस्ता जात नाही आणि पाण्यावर मोटरबोटींना बंदी आहे. तिथे पायवाटेने चालत जावे लागते, नाहीतर शेजारच्या लुईस सरोवरातून कनू किंवा कयाक वल्हवत. दोन्ही सरोवरांना जोडणाऱ्या नदीत प्रवाहाच्या विरुद्ध जायचे असते. शेवटच्या टप्प्यात पाण्याचा जोर इतका वाढतो की वल्ह्यांचा उपयोग होत नाही. होडीतून उतरून, गार पाण्यात पाय रोवत, ती दोरीने ओढत न्यावी लागते. एवढी मेहनत करून लोक येतात ते मुख्यतः फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम कीटक लावलेल्या गळाने ट्राउट पकडण्यासाठी. अशा डोंगराळ, नितळ सरोवरांबद्दल आणि तिथल्या मासेमारीबद्दल पक्के बसलेले बरेच समज तपासून पाहिले तर टिकत नाहीत.

सर्वांत मोठा गैरसमज माशांबद्दलच आहे. दुर्गम सरोवर, भोवती दाट सूचिपर्णी जंगल, काठावर अस्वलांचा वावर. तेव्हा पाण्यातले मासेही तिथले मूळ रहिवासी असणार, असे कुणालाही वाटते. प्रत्यक्षात १८७२ मध्ये उद्यान स्थापन झाले तेव्हा शोशोनी आणि लुईस या दोन्ही सरोवरांत एकही मासा नव्हता. लुईस सरोवराच्या खाली नदीवर धबधबा आहे. हिमयुगातले बर्फ ओसरल्यावर खालच्या नद्यांतून वर सरकणाऱ्या माशांना तो कधी ओलांडता आला नाही. उद्यानातले सुमारे ४० टक्के जलाशय आणि प्रवाह याच कारणाने मत्स्यहीन होते. १८८९ पासून सरकारी मत्स्य आयोगाने ते भरायला सुरुवात केली. १८९० मध्ये मिशिगन सरोवराकडून आणलेले लेक ट्राउट आणि मूळचे युरोपातले ब्राऊन ट्राउट या दोन सरोवरांत सोडले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत उद्यानाच्या पाण्यात सोडलेल्या माशांची एकूण संख्या ३० कोटींच्या वर गेली. आज शोशोनीत गळाला लागणारा ट्राउट या सोडलेल्या माशांचा वंशज असतो. काश्मीरच्या नद्यांतले ब्राऊन ट्राउटही याच अर्थाने पाहुणे आहेत. इंग्रजी अमदानीत, १९००च्या सुमारास, त्यांची अंडी बोटीने आणली गेली.

या उपऱ्या माशांच्या इतिहासाला एक विलक्षण वळण आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अतिमासेमारी आणि सी लॅम्प्रे नावाच्या रक्तशोषक परजीवी माशामुळे खुद्द मिशिगन सरोवरातले लेक ट्राउट संपले. पुढे तिथे पुन्हा मासे सोडायची वेळ आली, तेव्हा लुईस सरोवरात टिकून राहिलेल्या वाणाची अंडी उपयोगी पडली. मिशिगनहून नेलेल्या माशांच्या वंशजांनीच मूळ घर पुन्हा वसवायला मदत केली.

मासे सोडले म्हणजे सरोवर समृद्धच झाले, हा पुढचा समज. त्याचे उत्तर जवळच्याच यलोस्टोन सरोवरात मिळते. तिथे कटथ्रोट ट्राउट हा खरा स्थानिक मासा आहे. १९९४ मध्ये त्या सरोवरात पहिला लेक ट्राउट सापडला. माशांच्या कानातल्या खड्यांच्या रासायनिक तपासणीतून त्यांचा माग लुईस सरोवरापर्यंत लागला. कुणीतरी ते बेकायदा नेऊन सोडले असावेत. लेक ट्राउट कटथ्रोट खातो, खोल पाण्यात राहतो आणि अंडीही सरोवराच्या तळाशीच घालतो. कटथ्रोट मात्र वसंतात अंडी घालायला उथळ ओढ्यांत चढतात. ओढ्यातला मासा अस्वलाच्या पंजाला, ऑस्प्रेच्या नखांना, पाणमांजराच्या दातांना सापडतो. खोल पाण्यातला सापडत नाही. त्यामुळे एका माशाच्या जागी दुसरा आला एवढ्यावर हे थांबले नाही. पाणी आणि जंगल यांना जोडणारा दुवाच तुटला. क्लिअर क्रीक या एका ओढ्यात १९७०च्या दशकाअखेरीस सत्तर हजारांच्या घरात कटथ्रोट चढत असत; २००७ मध्ये ती संख्या पाचशेच्या आसपास आली. ग्रिझली अस्वलांच्या आहारातले मासे घटले आणि एल्कच्या पिलांचे प्रमाण वाढले. तेव्हापासून जाळी लावून ४० लाखांहून अधिक लेक ट्राउट बाहेर काढले गेले आहेत आणि कटथ्रोट हळूहळू सावरत आहेत. यलोस्टोन सरोवरात पकडलेला लेक ट्राउट जिवंत सोडायला मनाई आहे, तर कटथ्रोट सोडलाच पाहिजे. बाहेरच्या माणसाला हा नियम उलटसुलट वाटतो. मागचा इतिहास कळला की त्याहून योग्य नियम सुचत नाही.

पाणी नितळ म्हणजे त्यात मासे भरपूर, हाही समज असाच उलटा आहे. पाणी आरपार दिसते कारण त्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल कमी असते, आणि शैवाल कमी असते कारण नायट्रोजन, फॉस्फरस ही पोषकद्रव्ये कमी असतात. शैवालावर सूक्ष्म प्राणी जगतात, त्यांच्यावर कीटकांच्या अळ्या आणि लहान मासे, त्यांच्यावर ट्राउट. पायाच तोकडा असला की वरची साखळीही तोकडीच राहते. थंड, नितळ सरोवरात मासा सावकाश वाढतो. मोठा मासा बहुधा बराच वयस्कर असतो. हे पाणी तसेच ओंजळीने पिण्याजोगे असते, असेही नाही. जंगली प्राण्यांच्या विष्ठेतून येणारा जिआर्डिया हा परजीवी पाण्याचा रंग किंवा चव बदलत नाही. ते उकळूनच घ्यावे लागते. इतक्या उंचीवर पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, म्हणून सपाटीवर एक मिनिट पुरते तिथे तीन मिनिटे उकळण्याची शिफारस आहे.

सरोवराचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, ही समजूत शाळेपासूनची. समुद्राबाबतची हीच समजूत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये खोडून काढली. इंग्लंडहून परतताना नारकुंडा बोटीच्या डेकवरून त्यांनी निकोल प्रिझममधून पाणी पाहिले. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा आकाशाचा प्रकाश प्रिझमने अडवला, तरी पाण्याचा निळा रंग गेला नाही, उलट अधिक गडद झाला. मुंबई बंदरातूनच त्यांनी ‘नेचर’ नियतकालिकाला या विषयावर टिपण पाठवले. पाण्याचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि लाल प्रकाश शोषून घेतात. खोल, स्वच्छ पाण्यातून परत येणारा प्रकाश म्हणून निळा असतो. ट्राउट शोधणारे लोक वापरतात तो पोलराइज्ड चष्माही रामन यांच्या प्रिझमच्याच तत्त्वावर चालतो. पृष्ठभागावरची चमक तो अडवतो आणि खालचा गोटा, बुडालेले लाकूड, त्याच्या सावलीतला मासा दिसू लागतो.

दिसला तरी तो दिसतो तिथे नसतो. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो, त्यामुळे मासा प्रत्यक्षापेक्षा उथळ पाण्यात असल्याचा भास होतो. माशाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी वेगळे आहे. वरचे सगळे जग त्याला सुमारे ९७ अंशांच्या शंकूत, एका गोल खिडकीतून दिसते. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा भासतो आणि त्यात तळ दिसतो. काठावर ताठ उभा राहिलेला माणूस त्या खिडकीत सहज येतो. होडीत बसलेला किंवा काठावर गुडघे टेकलेला माणूस खिडकीच्या कडेला दबून जातो. नितळ पाण्यात उभे राहून दूरवर गळ टाकण्यापेक्षा वाकून, शांतपणे जवळ जाणे अधिक फळते.

फ्लाय फिशिंगबद्दलचा नेहमीचा गैरसमज असा की यात जिवंत माशी आकड्याला टोचतात. फ्लाय म्हणजे आकड्यावर पीस, लोकर, केस आणि धागा गुंडाळून केलेली नक्कल. ती बरीच जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या लेखकाने मॅसिडोनियातल्या मासेमारांचे वर्णन केले आहे. तिथले मासे एक विशिष्ट कीटक खात. पण तो हातात धरताच त्याचा रंग उतरे, पंख मोडत. म्हणून ते लोक आकड्यावर लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची दोन पिसे बांधत.

या पद्धतीत हातातली ताकद दूरवर फेक करते, असे नवख्याला वाटते. साध्या गळात शिशाचा तुकडा किंवा जड आमिष पुढे जाते आणि दोरी त्याच्यामागून ओढली जाते. फ्लायला मात्र वजन जवळपास नसतेच. इथे दोरीच जाड आणि जड असते. ट्राउटसाठी सर्रास वापरली जाणारी ५ नंबरची दोरी घेतली, तर तिच्या पहिल्या ३० फुटांचे वजन सुमारे ९ ग्रॅम भरते. काठी मागे नेली की दोरी डोक्यावरून मागे उलगडते. ती पुरती सरळ होईपर्यंत थांबायचे असते. तेवढ्या क्षणात तिच्या ओढीने काठी वाकते, आणि पुढच्या झटक्यात तोच ताण दोरीला पुढे फेकतो. घाई केली की दोरी मागे गोळा होते, आणि कितीही जोर लावला तरी फ्लाय वल्ह्याएवढ्या अंतरावर येऊन पडते. कनूत बसलेला माणूस पाण्यापासून जेमतेम दोन-तीन फूट उंच असतो. त्यामुळे मागे जाणारी दोरी उंच ठेवली नाही, तर ती पाण्याला लागून मासे बिथरवते.

ट्राउट पृष्ठभागावर उडी मारून कीटक टिपतो, हे छायाचित्रांतले दृश्य खरे असले तरी अपवादाचे आहे. तो बहुतेक अन्न पाण्याखाली मिळवतो. सरोवरात हे अन्न म्हणजे तळातून वर येणारे चिलटांचे कोष, मेफ्लायच्या अळ्या, काठच्या लव्हाळ्यांकडे पोहत निघालेली टाचणी या कीटकाची पिल्ले, जळवा आणि लहान मासे. लेक ट्राउट तर उन्हाळ्यात गार पाण्याच्या शोधात खोल जातो आणि फ्लायच्या आवाक्याबाहेर असतो. बर्फ वितळल्यावर, साधारण जूनमध्ये, आणि पुन्हा शरदात तो काठाजवळ येतो. ब्राऊन ट्राउट शरदात अंडी घालायला दोन सरोवरांमधल्या प्रवाहात शिरतात. भर उन्हाळ्यात दुपारी जाऊन मासे नाहीत म्हणणारे पुष्कळ भेटतात. मासे असतात, फक्त तिथे आणि त्या वेळी नसतात.

वल्हवण्याबाबतचा सर्वांत धोकादायक गैरसमज असा: पाणी शांत आहे, पोहता येते, मग जाकिट कशाला? सकाळी आरशासारखे असणारे सरोवर दुपारी वाऱ्याने उसळते आणि उघड्या कनूत पाणी शिरवण्याइतक्या लाटा उठतात. जाणकार पहाटे निघतात, काठाकाठाने जातात आणि पलीकडे जायचे तर मध्ये जिथे सरोवर अरुंद होते तिथूनच ओलांडतात. कनू उलटली तर पहिला घाव गारठ्याचा असतो. एवढ्या थंड पाण्यात पडताच आपोआप जोरजोरात धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पहिल्याच श्वासात पाणी फुप्फुसात जाते. साधारण एका मिनिटात श्वास ताब्यात येतो. पुढची दहाएक मिनिटे हातापायांची नेमकी हालचाल शक्य असते, मग बोटे वल्हे पकडू शकत नाहीत. शरीराचे तापमान खाली जाऊन शुद्ध हरपायला बहुधा तासभर लागतो. म्हणजे थंड पाण्यातले बरेच मृत्यू गारठून होत नाहीत. ते त्याआधीच, पट्टीच्या पोहणाऱ्याचेही, बुडून होतात. जाकिट होडीत ठेवलेले नव्हे, अंगात चढवून बांधलेले हवे.

पकडलेला मासा सोडून दिला म्हणजे त्याचे काही बिघडले नाही, हाही अर्धवट समज आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला जंतू आणि बुरशीपासून वाचवतो. कोरड्या हाताने तो सोलून निघतो. म्हणून हात आधी ओले करतात, मासा पाण्यातच ठेवून आकडा काढतात, छायाचित्र हवे तर क्षणभरच वर उचलतात. यलोस्टोनमध्ये उलटे टोक नसलेला आकडाच वापरावा लागतो, आणि शिशाची वजने चालत नाहीत, कारण पाणपक्षी ती गिळून विषबाधेने मरतात. गांडुळासारखे नैसर्गिक आमिषही निषिद्ध आहे.

होडी पाण्यात उतरवण्याआधी तिची तपासणी होते. ती केवळ उपचार म्हणून केली जात नाही. न्यूझीलंडची चिखलगोगलगाय, अवघ्या काही मिलिमीटरची, १९९४ मध्ये उद्यानाच्या नद्यांत सापडली. तिला पुनरुत्पादनासाठी नर लागत नाही, त्यामुळे ओल्या बुटाच्या तळव्यात किंवा कनूच्या सांध्यात अडकून आलेली एकटी मादीसुद्धा नवी वसाहत सुरू करू शकते. बुटांच्या नमदी तळव्यांवर बंदी आहे ती याच कारणाने. होडी, वल्ही आणि बूट आतबाहेर धुऊन पूर्ण वाळवल्यावरच दुसऱ्या पाण्याकडे न्यायचे, असा तिथला दंडक आहे.