नोंद आहे, मग फोटो कुठे गेला?

फोनवरून ऊसनोंद सुरू झाली तेव्हा आम्हीच याच पानावरून तिचे कौतुक केले होते. बांधावर उभे राहून लागणीचा फोटो काढायचा, गट नंबर टाकायचा, की नोंद झाली. गट ऑफिसला हेलपाटा नाही. प्रत्यक्षात हेलपाटे वाढले. नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, उसाची जात बरोबर आणि फोटोच्या जागी मोडकी चौकट! एक सभासद फोन हातात धरूनच शेतकी ऑफिसात आले. "साहेब, फोटू उडालाय, म्हंजे तोडीचा नंबरबी उडाला का माझा?"

प्रश्न रास्त होता. तोडीचा क्रम लागणीच्या तारखेवर ठरतो आणि तारखेचा वाद निघाला तर फोटो हाच पुरावा. म्हणून आम्ही दोन दिवस संगणक विभागात ठाण मांडले.

पहिली गोष्ट ही की नोंद आणि फोटो एका जागी राहत नाहीत. डेटाबेसमध्ये फोटोचा फक्त पत्ता लिहिलेला असतो, फोटो दुसऱ्याच फोल्डरात. साखर गोडाऊनच्या रजिस्टरात थप्पीचा नंबर असतो, पोती नसतात, तसेच हे. फोटो दिसला नाही तरी नोंद शाबूत आहे.

सुरुवातीला एकाचाही फोटो दिसत नव्हता, पण प्रोग्रॅम लिहिणारे म्हणत, "आमच्याकडं तर दिसतंय." तेही खरेच होते. फोटोच्या पत्त्यात 127.0.0.1 असे राहून गेले होते. या आकड्यांचा अर्थ 'हेच यंत्र'. त्यांचे यंत्र स्वतःत शोधी आणि फोटो सापडे; सभासदाचा फोन स्वतःत शोधी, तिथे काय मिळणार?

पत्ता दुरुस्त झाला, तरी चौकट मोडकीच. मग फोटोचा पत्ता ब्राउझरमध्ये वेगळा उघडून पाहिला. (ही युक्ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.) 403 आले तर वाचायची परवानगी नाही, 404 आले तर त्या पत्त्यावर काही सापडले नाही. आपल्याला 404 मिळाले, आणि फोटो तर फोल्डरात डोळ्यांना दिसत होते! आपला प्रोग्रॅम जँगोवर बांधलेला आहे. चाचणीच्या वेळी सोयीसाठी जँगोकडूनच फोटो वाढून घेता येतात; प्रत्यक्ष वापरात डीबग बंद केले की ते काम थांबते आणि वेबसर्व्हरला फोल्डर नेमून द्यावे लागते. ते कोणी दिलेच नव्हते.

ते दिल्यावर बहुतेक फोटो आले. काही अडले ते अक्षरांमुळे: ऑफिसातल्या विंडोजला इंग्रजी मोठे-लहान अक्षर सहसा सारखेच, सर्व्हरवरच्या लिनक्सला मात्र ती दोन वेगळी नावे. आणि काही फोटो पुण्या-मुंबईच्या चिरंजीवांच्या आयफोनचे. 2017 पासून आयफोन हेइक प्रकारात फोटो ठेवतो. तो तसाच चढला तर क्रोमला उघडत नाही.

इथवर फोटो होते, फक्त दिसत नव्हते. खरा घाव पुढे बसला. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती चढवली आणि आधीचे सगळे फोटो गेले. फोटोंचे फोल्डर प्रोग्रॅमच्याच पोटात ठेवले होते. नवी आवृत्ती चढताना जुने घर अख्खे मोडून नवे उभे राहते. त्याबरोबर फोटोही गेले. वेगळी प्रत कोणी ठेवली नव्हती. ही चूक कारखान्याची आहे, सभासदांची नाही, हे आम्ही स्पष्ट लिहितो. आता फोटो कायमच्या वेगळ्या साठ्यात जातात आणि रोज त्यांची दुसरी प्रत निघते.

उभ्या उसाचा फोटो आजही काढता येईल. पण लागणीच्या दिवशीची सरी, तीत मांडलेली टिपरी, ती आता कुठून आणायची? आज तिथे पुरुषभर ऊस आहे. ज्यांच्या फोनमध्ये मूळ फोटो शिल्लक आहे त्यांनी तो पुसू नये, फोनसह गट ऑफिसात यावे; फोटो काढल्याची तारीख बहुधा फाइलमध्येच नोंदलेली असते. ज्यांच्याकडे नाही त्यांनी चिटबॉयच्या वहीतील आपली तारीख पाहून सही करून घ्यावी. तोडीचा कार्यक्रम लागण्याआधी हे उरकावे.