दाढी चांगली झाली हे ठरवायचं कधी?

दाढी उरकून तोंड पुसलं की हात आपोआप गालाकडे जातो. तळहात हनुवटीखालून वर फिरतो, कुठे खुंट लागतो का ते चाचपतो, आणि लागला की तेवढ्या जागी पुन्हा रेझर. सलूनमध्येही तेच. एकदा सुलट, मग पुन्हा फेस लावून उलटा वस्तरा, आणि शेवटी गिऱ्हाइकाचा हात गालावरून फिरेपर्यंत कारागीर थांबलेला. या एका स्पर्शावर आपण दोन वेगवेगळे निकाल देऊन मोकळे होतो. केस किती मुळाशी कापला गेला हा एक, आणि या कामात कातडीचं काय झालं हा दुसरा. दुसऱ्याबद्दल तळहात काहीच सांगू शकत नाही, आणि पहिल्याबद्दल तो जे सांगतो त्यातलंही बरंचसं तासाभरात शिळं होतं. दाढीची परीक्षा त्याच दिवशी संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावी. तशी घेतली तर एका मर्यादेनंतरच्या तुळतुळीतपणाची किंमत केसाऐवजी कातडी मोजते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येईल.

आधी हिशेब पाहू. दाढीचा केस दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतो, म्हणजे तासाला मिलिमीटरचे दीड-शतांश म्हणजे 0.015 च्या आसपास. सुलट हाताने नीट केलेल्या दाढीपेक्षा उलट्या हाताने केस आणखी 0.05 मिलिमीटर खालून कापला गेला असं धरलं, तर ही सगळी कमाई साडेतीन तासांत संपते. सकाळी सातला मिळवलेला फरक साडेदहाला उरत नाही. ‘जितकी घोटून दाढी, तितकी ती जास्त टिकते’ हे म्हणणं तत्त्वतः चूक नाही, पण टिकण्याचा हा काळ तासांतच मोजावा लागतो. एका जादा हाताने दिवसभराची सुट्टी मिळते असं ज्यांना वाटतं, त्यांच्या बाबतीत बहुधा पहिलाच हात अर्धवट फिरलेला असतो.

मग दाढी झाल्याझाल्या गाल इतका वेगळा का लागतो? एक कारण बोटांमध्ये आहे. माणसाचं बोट फार बारीक खडबडीतपणा ओळखतं. स्वीडनमधल्या केटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की अवघ्या 13 नॅनोमीटर उंचीच्या सुरकुत्या असलेला पृष्ठभाग आणि सपाट पृष्ठभाग यांतला फरकही बोटाला कळू शकतो. दाढीचा खुंट त्याच्या हजारो पट मोठा. त्यामुळे कुठेतरी खुंट लागणारच, आणि तो लागला म्हणून दाढी वाईट झाली असा अर्थ निघत नाही. शिवाय केसाच्या दिशेने हात फिरवला तर दोन दिवसांची दाढीही मऊ लागते आणि विरुद्ध फिरवला तर ताजीही टोचते. दुसरं कारण पाण्यात आहे. भिजलेला केस जाडीने साधारण 15 टक्के फुगतो, लांबीने मात्र जेमतेम एक-दोन टक्के. कातडीचा वरचा थरही पाणी पिऊन फुगलेला असतो, त्यावर साबणाचा निसरडा अंश असतो. म्हणजे परीक्षेच्या वेळी विद्यार्थी आणि परीक्षक दोघेही आपल्या नेहमीच्या स्थितीत नसतात.

याच चाचपणीतून आणखी एक जुना समज उगवतो. दाढी केल्याने केस दाट आणि राठ होतात म्हणे. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच हे तपासून पाहिलं आणि तसा परिणाम त्यांना आढळला नाही. 1970 मध्ये पाच तरुणांचा एक पाय अनेक महिने दर आठवड्याला भादरून आणि दुसरा तसाच ठेवून पुन्हा तपासलं गेलं. फरक पडला नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट. बोटाला बोथट टोक जाड वाटतं, एवढंच. केस तयार होतो तो कातडीच्या आत, आणि वर ब्लेड फिरलं की नाही याची खबर त्या मुळापर्यंत पोचत नाही. कोवळी मिसरूड फुटलेल्या मुलांना ‘आत्ताच ब्लेड लावू नकोस, राठ होईल’ असं सांगणाऱ्या घरांत हा समज अजून नांदतो. त्या वयात दाढी आपण होऊनच दाट होत असते, आणि श्रेय जातं ब्लेडला.

आता ब्लेडांच्या संख्येकडे. जिलेटचा दोन पात्यांचा रेझर 1971 मध्ये आला, तीन पात्यांचा 1998 मध्ये, पाच पात्यांचा 2006 मध्ये. यामागची मूळ कल्पना खरी आहे. पहिलं पातं केस कापताना तो थोडा बाहेर ओढतं, आणि तो पुन्हा आत सरकण्याआधी मागचं पातं त्याला आणखी खालून कापतं. त्यामुळे केसाचं टोक कातडीच्या पातळीच्या खाली जाऊ शकतं, आणि तळहाताला अर्थातच काही लागत नाही. अडचण इथेच सुरू होते. कातडीखाली राहिलेलं, तिरकं कापलेलं टोक वाढताना छिद्रातून सरळ बाहेर येण्याऐवजी छिद्राची बाजूची भिंतच भेदू शकतं. कुरळ्या केसात तर बाहेर आलेला केसही वळून पुन्हा कातडीत घुसतो. शरीराला तो परका काटा वाटतो, मग लाल पुळी, कधी पू, आणि पुढे काळा डाग. अमेरिकेच्या सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका होतो की वैद्यकीय कारणावरून थोडी दाढी राखण्याची परवानगी हा तिथला जुना विषय आहे. या विकारात त्वचारोगतज्ज्ञ दाढी तुळतुळीत करू नका, अर्धा ते एक मिलिमीटर खुंट राहू द्या, असं सांगतात. जास्त पाती सरसकट वाईट असं मात्र यातून ठरत नाही. पाती जवळजवळ बसवली की त्यांच्यामधली कातडी कमी फुगून वर येते आणि दाब वाटला जातो. सरळ केसाच्या, जाड कातडीच्या माणसाला पाच पात्यांनी काहीच त्रास न होणं अगदी शक्य आहे. ‘आमच्या वडिलांनी जन्मभर उलटी दाढी केली, एक पुळी आली नाही’ हा दाखला म्हणून खरा असू शकतो. तो वडिलांच्या केसांबद्दल आहे, मुलाच्या मानेबद्दल नाही.

फेसाबद्दलचा गैरसमज जाहिरातींनी जितका पोसला तितका क्वचितच दुसरा कुठला. फेस भरघोस म्हणजे दाढी मऊ, असं आपण धरून चालतो. केस मऊ होतो पाण्याने. कोरडा केस दोन-तीन मिनिटं भिजला की तो कापायला बराच कमी जोर लागतो, आणि कोमट पाण्यात हे लवकर होतं. साबण केसावरचं तेल काढून पाण्याची वाट मोकळी करतो, ते पाणी केसाला धरून ठेवतो आणि पात्याखाली निसरडेपणा देतो. डब्यातून फसफसून येणाऱ्या फेसात बराच भाग हवेचा असतो, आणि हवा यांपैकी काहीच करत नाही. कोमट पाण्याने ‘छिद्रं उघडतात’ हेही असंच. त्या छिद्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात. कोमट पाणी उपयोगी आहे ते केसासाठी. भिजण्याला लागणाऱ्या वेळाचं महत्त्व एका खटल्याने जितकं उघडं पाडलं, तितकं कुठल्याच पाठ्यपुस्तकाने नसेल. 1959 मध्ये अमेरिकी टीव्हीवर पामोलिव्ह रॅपिड शेव्ह या क्रीमची जाहिरात लागे. खरखरीत सँडपेपरला क्रीम लावलं, लगेच रेझर फिरवला की कागद साफ. प्रत्यक्षात पडद्यावर सँडपेपर नव्हताच. प्लेक्सिग्लासवर वाळू चिकटवलेली होती. खरा सँडपेपर अशा तऱ्हेने साफ व्हायला त्याला सुमारे 80 मिनिटं भिजत ठेवावं लागलं असतं. खरा कागद टीव्हीवर नुसत्या रंगीत कागदासारखा दिसतो, असा कंपनीचा बचाव होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1965 मध्ये निकाल कंपनीविरुद्ध लागला. ब्रश गालावर फिरताना तीन मिनिटं जाऊ देणं हे कुठल्याही महागड्या क्रीमपेक्षा स्वस्त पडतं, पण ते कुणी बाटलीत भरून विकू शकत नाही.

मग सुखाचं मोजमाप कसं करायचं? इथे हमखास आक्षेप येतो की सुख हे ज्याचं त्याला ठाऊक, त्याला फूटपट्टी नाही. अर्धं खरं. जळजळ व्यक्तीगणिक बदलते, आणि फसवतेही. आफ्टरशेव्ह झोंबलं म्हणजे ‘जंतू मेले, काम झालं’ असं मानणारे पुष्कळ आहेत. अल्कोहोल झोंबतं त्याचं कारण वेगळं आहे. गरम वस्तूचा चटका ओळखणाऱ्या आपल्या मज्जातंतूंतल्या संवेदकाला एरवी साधारण 42 अंशांना जाग येते. अल्कोहोलच्या संपर्काने हा उंबरठा 34 अंशांच्या जवळ येतो, आणि आपल्याच अंगाच्या उष्णतेचा आपल्याला चटका बसतो. म्हणून ती झोंबणी ना स्वच्छतेची खूण, ना पुरेशी खात्रीची इजा-तपासणी. तुरटीचा खडा त्या मानाने प्रामाणिक. ओल्या गालावर फिरवला की धड कातडीवर तो फारसा बोलत नाही आणि सोललेल्या जागी चुरचुरतो. हनुवटीखाली नेमकी कुठे चुरचुर होते ते दोन-चार वेळा पाहिलं, तर आपला हात कुठे जड पडतो हे कळतं. प्रयोगशाळांत याहून पक्की साधनं आहेत. कातडीतून किती पाणी उडून जातं ते मोजतात. वरचा थर जितका खरवडला गेला असेल तितकी ही गळती वाढते. लालसरपणाही यंत्राने मोजता येतो. म्हणजे माणसाचं म्हणणं बाजूला ठेवलं, तरी कातडी आपली साक्ष देते.

आणि ही इजा डोळ्यांना दिसायलाच हवी असं नाही. याचा सगळ्यात ठोस पुरावा दाढीच्या दुनियेबाहेर, ऑपरेशन थिएटरमध्ये मिळतो. शस्त्रक्रियेआधी त्या भागावरचे केस वस्तऱ्याने साफ करण्याची पद्धत वर्षानुवर्षं होती, कारण गुळगुळीत म्हणजे स्वच्छ असा समज. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की केस काढूच नका, आणि काढावेच लागले तर क्लिपरने छाटा. वस्तरा किंवा रेझर नको. ब्लेडने कातडीवर पडणाऱ्या सूक्ष्म चिरांत जंतू घर करतात. क्लिपर थोडा खुंट मागे ठेवतो, आणि इथे तेच हवं असतं. गालावर शस्त्रक्रिया होत नाही हे मान्य, आणि धडधाकट माणसाची कातडी दिवसभरात बरंच काही भरून काढते. पण रोज सकाळी तोच थर पुन्हा खरवडायचा असेल, तर काल किती भरून निघाला याला महत्त्व येतं. म्हणून निकाल दुसऱ्या सकाळी.

बाजारालाही हे कळलं, पण ते शिकायला त्याला भारतात यावं लागलं. जिलेटने व्हेक्टर हा रेझर भारतासाठी तयार करताना त्याची चाचणी अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर घेतली. त्यांना तो आवडला. इथे आल्यावर तो केसांनी तुंबू लागला, कारण त्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहतं पाणी होतं आणि इथल्या असंख्य घरांत दाढी होते ती मगभर पाण्यात, छोट्या आरशासमोर, कधी जमिनीवर बसून, अंधूक उजेडात. अशा माणसाला कापून घ्यायचं नसतं, ही त्याची पहिली गरज. 2010 मध्ये आलेल्या जिलेट गार्डला म्हणून एकच पातं, पुढे कातडी सपाट धरणारा कंगोरा आणि सहज धुऊन निघेल अशी रचना. तेव्हा त्याची किंमत होती 15 रुपये, पातं 5 रुपयांना. पाच पात्यांच्या काळात एका पात्याचा रेझर काढणं हा गरिबांसाठीचा दुय्यम माल वाटेल. चांगली दाढी म्हणजे काय या प्रश्नाला दिलेलं ते वेगळं उत्तर होतं.

जुनं ब्लेड सौम्य असतं, नवं कापतं, हा समजही तपासायला हवा. एमआयटीच्याच संशोधकांनी 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं की पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असलेला केस पात्याच्या धारेचे बारीक टवके उडवतो. केस वाकून तिरका लागला आणि धारेतली ती जागा आधीच कमजोर असली की टवका निघतो. केसाच्या जाडीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा. म्हणजे ब्लेड झिजून एकसारखं गुळगुळीत बोथट होत नाही, ते जागोजागी दातेरी होतं. अशा धारेला केस कापायला जास्त दाब लागतो, आणि तो दाब कातडीवरच पडतो. नवं ब्लेड कापतं ते बहुधा जुन्या ब्लेडने हाताला लावलेल्या जोराच्या सवयीमुळे. सलूनमध्ये गिऱ्हाइकासमोर नवं ब्लेड मोडून त्याचं अर्धं वस्तऱ्यात बसवतात, हा रिवाज रोगराईच्या भीतीने घट्ट झाला. तो कातडीच्याही पथ्यावर पडतो.

हे सगळं पडताळायला प्रयोगशाळा लागत नाही. चाचणीची मान्य पद्धत अर्ध्या चेहऱ्याची आहे. एका गालावर एक रीत, दुसऱ्यावर दुसरी, पाणी, साबण आणि ब्लेड तेच. एका बाजूला फक्त सुलट हात, दुसऱ्या बाजूला सुलट आणि उलट. उजव्या हाताच्या माणसाचा डावा आणि उजवा गाल एकसारख्या कोनात होत नाही, म्हणून काही दिवसांनी बाजू बदलाव्यात, नाहीतर हाताचा दोष रीतीच्या खाती जमा होतो. सकाळी हात फिरवायचा मोह आवरावा. संध्याकाळी दोन्ही गालांवर केसाच्या विरुद्ध बोट फिरवून फरक लागतो का ते पाहावं, आणि दुसऱ्या दिवशी पाणी लावण्याआधी उजेडात लाली, पुळ्या आणि कोरडी सालपटं. मानेचा निकाल वेगळा लिहावा. तिथले केस आडवे पडलेले असतात, दिशा बोटागणिक बदलते आणि कातडी पातळ. गालाला उलटा हात सोसला आणि मानेला नाही, असं निघालं तर गालावर तो चालू ठेवायला काहीच हरकत नाही.