खाऱ्या पाण्याचं रीळ घेताना : कर्ज मंजूर करण्याआधी वाचा



कॅम्प ५ च्या बैठकीत मागच्या वर्षी एका ताईने मासेमारीच्या रिळासाठी ३,५०० रुपये कर्ज मागितलं. मुलगा खाडीत तळाची मासेमारी करतो, म्हणून आम्ही सगळ्यांनी हात वर केले. रीळ कसलं, हे कुणी विचारलं नाही. दोन महिन्यांत त्याची मूठ फिरेना. दुकानदार म्हणाला, "हे गोड्या पाण्याचं आहे." रीळ मेलं, पण हप्ता जिवंत राहिला. ती चूक एकट्या ताईची नव्हती, आपल्या सगळ्यांची होती. म्हणून हा लेख.

गोडं आणि खारं यात फरक काय?
आपली उल्हास नदी बदलापूरला गोडी आहे. कल्याणच्या पुढे तिची खाडी होते आणि वसईकडे ती समुद्राला मिळते. नदीवर वर्षानुवर्षं चालणारं रीळ खाडीत लवकर जाम होतं. पाणी सुकतं, पण मीठ आत राहतं. ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि लोखंडी स्क्रू, बेअरिंग गंजतात. म्हणून खोक्यावर खाऱ्या पाण्यासाठी असल्याचं लिहिलेलं आहे का, ते आधी बघा.

कोणत्या प्रकारचं?
तळाच्या मासेमारीत शिशाचं वजन लावून गळ सरळ खाली सोडतात. ताम, हेकरू, शिंगाळा असे मासे तळाशी मिळतात. होडीतून असं काम करायला काठीच्या वर बसणारं, विहिरीच्या रहाटासारखं आडव्या चक्राचं रीळ चांगलं. ते जड ओझं सहज ओढतं. काठावरून गळ लांब फेकायचा असेल किंवा माणूस नवशिका असेल, तर काठीखाली बसणारं स्पिनिंग रीळ सोपं पडतं.

तीन आकडे विचारा

१. ब्रेक (ड्रॅग) किती किलोचा? मोठा मासा ओढायला लागला की ब्रेक दोरी थोडी थोडी सोडतो, म्हणून ती तुटत नाही. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका ब्रेक लावतात. म्हणजे २४ किलोच्या दोरीला ६ ते ८ किलो. रिळाचा ब्रेक याहून थोडा जास्त क्षमतेचा हवा. मासळी तोलायचा लटकता काटा दोरीला बांधून ओढा, आकडा लगेच कळतो.

२. दोरी किती मावते? पाणी ३० मीटर खोल असलं तरी ओढीमुळे दोरी तिरकी जाते, मासाही पळतो. निदान २०० मीटर मावायला हवी. विणलेली दोरी तंगूसपेक्षा बारीक असते, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त बसते. पण तिच्याखाली आधी थोडी तंगूस गुंडाळा, नाहीतर ती चक्रावर घसरते.

३. एका फेऱ्यात चक्र किती वेळा फिरतं? तळासाठी ४ ते ५ फेरे पुरतात. जास्त फेऱ्यांचं रीळ वेगाने गुंडाळतं, पण ओझं ओढताना हात भरून येतो.

"बेअरिंग जास्त म्हणजे रीळ भारी" या बोलण्याला भुलू नका. दुकानातच मूठ फिरवून बघा. खरखर लागली किंवा मूठ हलली, तर ते घेऊ नका. सुटे भाग मिळतात का ते विचारा आणि पक्कं बिल घ्या.

घरी आल्यावर
हे काम बहुतेक वेळा आपल्याच अंगावर येतं. ब्रेक घट्ट करा म्हणजे पाणी आत जाणार नाही. वरून गोडं पाणी हळू शिंपडा, नळाची जोराची धार नको. पुसून सावलीत वाळवा. मग ब्रेक सैल करून ठेवा. मुठीला अधूनमधून तेलाचा थेंब द्या.

गटाने काय विचारावं?
पहिला प्रश्न : रीळ खरंच लागतं का? हाताने दोरी सोडून आजही पुष्कळ जण पोट भरतात. दुसरा : हप्ता कोणत्या महिन्यांत फिटणार? समुद्रातली पावसाळी बंदी १ जूनला सुरू होते. मुलगा समुद्रात जाणाऱ्या होडीवर असेल, तर त्या काळात कमाई धरू नका. तिसरा : वरचे तीन आकडे कोटेशनवर लिहिलेत का?

त्या ताईने कर्ज पूर्ण फेडलं. पण पुढच्या वेळी हात वर करण्याआधी आपण प्रश्न विचारूया. पैसा सगळ्यांच्या घामाचा आहे.