भेकेचं ते हेडर!

वीकेंडला रात्र जागून बार्सा, मँचेस्टर बघणारे आपण. पण आशियाच्या चॅम्पियन्स लीगचं काय? १९६७ मध्ये सुरू झालेल्या या क्लब स्पर्धेला २००२ मध्ये हे नाव मिळालं. तिच्या साखळी फेरीत भारतीय क्लब पोचायला मात्र २०२१ उजाडलं. एफसी गोवाने तीन सामने बरोबरीत सोडवले, जिंकला एकही नाही.

मग ११ एप्रिल २०२२, रियाध. समोर इराकचा एअर फोर्स क्लब, मुंबई सिटी ०-१ ने मागे. दिएगो मॉरिसिओने पेनल्टी मारली आणि लगेच आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने हेडर ठोकला. २-१! साखळी फेरीतला भारतीय क्लबचा पहिलावहिला विजय.

२०२३ च्या मोसमात मुंबई सहाही सामने हरली. म्हणूनच 'आपल्याकडे कुठे फुटबॉल?' म्हणणाऱ्या मित्राला तो गोल दाखवाच.