झेंडूची गोळी: शेंग की दाणे?

दसऱ्याच्या तोंडावर कल्याणच्या फूलबाजारात झेंडूचे ढीग लागतात. झेंडूतलाच पिवळा रंग, ल्युटीन, डोंबिवलीत केमिस्टकडे डोळ्यांची गोळी म्हणून मिळतो.

पाकळीत ल्युटीनला मेदाम्लं चिकटलेली असतात, हा एस्टर. कारखान्यात अल्कलीने ती तोडली की उरतं सुटं ल्युटीन. टरफलासकट शेंग आणि सोललेले दाणे, एवढाच फरक! टरफल आतड्यातले पाचकरस काढतात. मात्र जेवणात थोडं तेल-तूप हवं. रिकाम्या पोटी एस्टरची आणि सुट्या ल्युटीनची, दोन्ही गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत.

सोललेले दाणे ताटातही मिळतात: पालकातलं ल्युटीन सुटंच असतं.

२०१३ साली निष्कर्ष आलेल्या ‘एरेड्स-२’ या अमेरिकी चाचणीत रोज १० मिलिग्रॅम ल्युटीन दिलं होतं, तेही दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज आधीच सुरू झालेल्यांना. चष्म्याचा नंबर त्याने उतरत नाही, जाहिरात काहीही म्हणो. आणि खोक्यावर ‘२० मिलिग्रॅम ल्युटीन एस्टर’ छापलं असेल, तर आत ल्युटीन साधारण निम्मंच.