मुलाचे विमापत्र आणि मुलाची भेट

संपाच्या दिवसांत कारखान्याची सारी चाके थांबतात. पण दवाखान्याची वीज आणि वस्तीचे पाणी आम्ही थांबू देत नाही. भांडण मालकाशी असते, आजाऱ्याशी नव्हे. चळवळीत हा नियम नवख्या कामगारालाही ठाऊक असतो. परंतु घरच्या भांडणात तोच कामगार तो विसरतो, असे मी युनियनच्या कचेरीत बसून अनेकदा पाहिले आहे.

एका यंत्रचालकाचे उदाहरण सांगतो. नवराबायको विभक्त झालेली, सात वर्षांची मुलगी आईकडे. बाप म्हणे, "रविवारी मुलगी भेटव, मग विम्याचे कार्ड देतो." आई म्हणे, "आधी कार्ड द्या, मग मुलगी भेटेल." अशात मुलीला ताप भरला आणि आईने बांगडी मोडून खाजगी दवाखान्याचे बिल भागविले. बापाच्या पगारातून विम्याची वर्गणी मात्र त्याही महिन्यात नेमाने कापली गेली होती!

ही कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. २०१९ च्या जुलैपासून कामगाराची वर्गणी वेतनाच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे. ही वर्गणी वेतनावर ठरते, घरातल्या माणसांवर नाही. म्हणून मुलीचे नाव राहिल्याने बापाचा एक पैसाही जास्त जात नाही. कुटुंब दुसऱ्या गावी राहत असेल तर त्याच्यासाठी तिथला वेगळा दवाखाना नोंदविता येतो. घटस्फोटाने पत्नीचे नाते संपते. मुलीचे बापाशी असलेले नाते संपत नाही.

भेटीचेही तसेच आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा घ्या, की १९५६ चा हिंदूंचा पालकत्वविषयक कायदा घ्या. दोहोंचा रोख आईबापांच्या मानापमानावर नसून मुलाच्या हितावर आहे. पाच वर्षांखालील हिंदू मूल सामान्यतः आईकडे राहावे, असे १९५६ चा कायदा सांगतो; पण त्याचा अर्थ बापाचे तोंडच त्याने पाहू नये असा नव्हे. भेट नाकारली गेली तर बापाने न्यायालयाकडे अर्ज करावा. खर्च थांबला तर आईनेही तेच करावे. एकाने चूक केली म्हणून दुसऱ्याला मुलाचे औषध किंवा मुलाचा बाप अडवून ठेवता येत नाही.

तेव्हा तडजोड लिहिताना "मुलाचा वैद्यकीय खर्च वडील करतील" एवढ्या मोघम ओळीवर सही करू नका. विमा कोणाच्या नावाने, कार्डाची प्रत दोघांकडे केव्हा, नोकरी सुटली किंवा बदलली तर किती दिवसांत कळवायचे, विम्याबाहेरचा खर्च कोणी किती सोसायचा, मूल इस्पितळात असेल तर दुसऱ्याला खबर कशी द्यायची, आणि आजारपणामुळे चुकलेली भेट पुढे कोणत्या दिवशी, हे सारे स्पष्ट लिहा. आम्ही मालकाशी करार करतो तेव्हा असेच एकेक कलम घासून घेतो. मुलाच्या बाबतीत कमी का करावे?

त्या यंत्रचालकाने अखेर कार्डाची प्रत आमच्या कचेरीतूनच पाठविली. कोणतीही अट न घालता. पुढच्या रविवारी मुलगी बापाला भेटली. नवराबायकोचा तंटा मिटला नाही. मुलगी तेवढी त्यातून सुटली.